सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्र : पदवीनंतर कोणता अभ्यासक्रम कोणासाठी?

समजा, एका गावात लग्नाच्या दुपारच्या पंगती उठल्या आणि संध्याकाळपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा पुरेनात, काहींना व्हरांड्यातच सलाइन लावावे लागले, दोघा वृद्धांना ग्रामीण रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे सावरले. उपचाराचे काम संपले, पण हे नेमके कशामुळे झाले याचे उत्तर अजून कोणाकडेच नाही. आचारी विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवतो, गावकरी बासुंदीला दोष देतात आणि वरपक्ष म्हणतो, जिलेबीच शिळी होती.

फक्त आजारी माणसांना विचारून याचा उलगडा होत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांनी बासुंदीही खाल्लेली असते आणि जिलेबीही. म्हणून जे ठणठणीत आहेत त्यांच्याही दारात जाऊन विचारावे लागते. उदाहरणादाखल, जेवलेले २०० जण आहेत. बासुंदी खाल्ली १२० जणांनी, त्यांतले ६० आजारी पडले; न खाल्लेले ८०, त्यांतले फक्त ४. म्हणजे एकीकडे शंभरात ५०, दुसरीकडे शंभरात ५. आता जिलेबी : खाल्लेले १५०, त्यांतले ४८ आजारी, न खाल्लेले ५०, त्यांतले १६. दोन्हीकडे शंभरात ३२च. जिलेबीवरचा आळ गेला, आणि बासुंदीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला ठोस कारण मिळाले.

ही साधी आकडेमोड हा साथरोगशास्त्राचा, म्हणजे एपिडेमिऑलॉजीचा पाया आहे. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा आणि पटकीच्या साथीचा संबंध दाखवला, तो याच रीतीने. मृत्यू कुठे झाले आणि त्या घरांत पाणी कुठून येत होते, याची त्यांनी सांगड घातली. पटकीचा जंतू त्या वेळी वैद्यकाच्या मान्य ज्ञानात नव्हता.

शब्द अपुरा आहे

‘साथरोगशास्त्र’ हा शब्द मराठीत रूढ झाला असला तरी तो काहीसा फसवा आहे. या शास्त्राचा विषय फक्त साथी नाहीत. मधुमेह कोणत्या वयोगटात वाढतो आहे, अपघात कोणत्या रस्त्यावर जास्त होतात, कमी वजनाची बाळे कोणत्या तालुक्यात जन्मतात, तंबाखू खाणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग किती पटींनी जास्त आढळतो, हे सगळे प्रश्न त्याच्या कक्षेत येतात. रोग किंवा आरोग्याशी संबंधित कोणतीही गोष्ट लोकसंख्येत कशी पसरलेली आहे आणि तशी का पसरलेली आहे, हे शोधणे हे त्याचे काम.

शाळेतल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचे तर दवाखान्यातल्या डॉक्टरला अंश दिसतो : दाराशी आलेले रुग्ण. छेद मात्र गावात असतो, आणि तो मोजायला बाहेर पडावे लागते. अंशाखाली छेद मांडता येणे म्हणजे एपिडेमिऑलॉजी. त्यातून निघालेल्या उत्तरावर पैसा, माणसे, कायदा आणि औषधे यांची व्यवस्था लावणे म्हणजे सार्वजनिक आरोग्य. पहिली ही दुसऱ्यातली एक विद्याशाखा आहे. संख्याशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन, पर्यावरण-आरोग्य, समाजशास्त्र आणि पोषण या तिच्या शेजारच्या शाखा. पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना होणारा बराचसा गोंधळ हा फरक लक्षात न आल्यामुळे होतो.

गडचिरोलीतले छेद

या शिक्षणातून काय हाती लागते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघेही आपापल्या विषयातले एमडी होते, तरीही त्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही पदवी घेतली आणि परतून गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी काढलेला निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यांतल्या फारच थोड्यांची त्याआधी कधी स्त्रीरोग-तपासणी झाली होती.

दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांपुरता हा अभ्यास केला असता तर हा आकडा कधीच निघाला नसता, कारण बहुतेक जणी दवाखान्यापर्यंत येतच नव्हत्या. छेद म्हणून गावातल्या स्त्रिया घेतल्या, दवाखान्याचे रजिस्टर घेतले नाही, हीच त्या अभ्यासातली कळीची गोष्ट.

नवजात बाळांच्या मृत्यूंवरचे त्यांचे काम त्याच्या पुढचे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी काळजी घेतलेल्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी निघाला. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बालसंगोपनाचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते, बाळाचे वजन करते, ताप बघते. त्या भेटीमागे ही तुलना उभी आहे.

१९७० साली जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्यही त्याआधी जॉन्स हॉपकिन्सलाच सार्वजनिक आरोग्य शिकले होते. म्हणून परदेशी पदवी घेतलीच पाहिजे असे मुळीच नाही. त्यांच्या काळात भारतात एमपीएच नव्हतेच.

एमबीबीएस झालेल्यांसाठी : एमडी की एमपीएच?

एमबीबीएसनंतरचा सरळ रस्ता म्हणजे एमडी कम्युनिटी मेडिसिन. जुन्या पिढीतले डॉक्टर याला अजूनही ‘पीएसएम’ म्हणतात, प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, प्रवेश नीट-पीजीमधून. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा. मुंबईतले ग्रँट आणि सेठ जी. एस., पुण्याचे बी. जे. आणि एएफएमसी, नागपूरची शासकीय महाविद्यालये, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान या सगळ्यांत हा विभाग आहे. याच विषयात डीएनबीही करता येते.

समुपदेशनात या जागा अनेकदा शेवटच्या फेऱ्यांमध्ये भरतात. त्यामुळे ‘काहीच मिळाले नाही म्हणून पीएसएम’ अशी या विषयाची ओळख झाली आहे. विषयावर हा अन्याय आहेच, शिवाय विद्यार्थ्यालाही तो महागात पडतो. नाखुशीने आलेला निवासी डॉक्टर तीन वर्षे शहरी आरोग्य केंद्रात सह्या करण्यात घालवतो आणि प्रबंधासाठी शंभर प्रश्नावल्या भरून मोकळा होतो. आवडीने आलेल्याला मात्र याच तीन वर्षांत लसीकरण, क्षयरोग नियंत्रण, साथीचा तपास आणि माता-मृत्यूंचे परीक्षण आतून पाहता येते, तेही विद्यावेतन घेत.

विद्यावेतनाचा हा मुद्दा दुय्यम नाही. एमडीला दरमहा पैसे मिळतात, एमपीएचला बहुतेक ठिकाणी शुल्क भरावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनचे अध्यापक व्हायचे असेल तर एमडी किंवा डीएनबी हवे, नुसते एमपीएच तिथे चालत नाही. म्हणून शिकवण्याची इच्छा असलेल्या एमबीबीएस डॉक्टरने एमडीऐवजी एमपीएच करणे सहसा तोट्याचे ठरते. मात्र ज्याला आधीच वेगळ्या विषयात एमडी आहे, जो काही वर्षे सरकारी सेवेत आहे किंवा ज्याला धोरण आणि संशोधन याकडेच वळायचे आहे, त्याच्यासाठी एमपीएच सोयीचे. बंग दांपत्याची वाट तीच होती.

डीपीएच ही पदविका एकेकाळी आरोग्य अधिकाऱ्यांची ओळख होती. देशातल्या बऱ्याच पदविकांच्या जागा अलीकडे पदवीत रूपांतरित झाल्याने तिचे महत्त्व ओसरले आहे, तरी सरकारी सेवेतल्या डॉक्टरांच्या पदोन्नतीत ती काही राज्यांत अजून मोजली जाते.

बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग आणि इतर : एमपीएचचे दार

भारतातला पहिला एमपीएच अभ्यासक्रम १९९७ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्राने सुरू केला. त्यानंतर, विशेषतः २००६मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया स्थापन होऊन गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर अशा ठिकाणी तिच्या संस्था उभ्या राहिल्यावर, अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. आज सरकारी, अभिमत आणि खासगी अशा सर्व प्रकारच्या विद्यापीठांत एमपीएच आहे. कालावधी साधारण दोन वर्षे.

या पदवीचे वेगळेपण असे की ती फक्त ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी राखीव नाही. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र, पशुवैद्यक आणि बऱ्याच ठिकाणी समाजशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांनाही प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात दरवर्षी बाहेर पडणाऱ्या दंतवैद्यक आणि आयुर्वेदाच्या पदवीधरांपैकी अनेकांना स्वतःचा दवाखाना टाकणे परवडत नाही, त्यांच्यापैकी बरेच जण या दाराशी येतात. पशुवैद्यकांनाही इथे खरी गरज आहे, कारण रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, ब्रुसेलोसिस हे रोग गोठ्यातून आणि रस्त्यावरून घरात येतात.

मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सोशल एपिडेमिऑलॉजी आणि आरोग्य धोरण, अर्थशास्त्र व वित्त अशा शाखांतून एमपीएच शिकवले जात आले आहे. इथे जात, वर्ग, स्थलांतर, काम आणि आजार यांचा संबंध शोधण्यावर भर असतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ केंद्रही याच धाटणीचे. या दोन्हीकडचे प्रवेश अलीकडच्या वर्षांत सीयूईटी-पीजी परीक्षेशी जोडलेले आहेत. चंडीगडची पीजीआय आणि कोलकात्याची १९३२ साली स्थापन झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ यांचा तोंडवळा अधिक वैद्यकीय आहे. एकाच नावाची पदवी, पण देवनारला शिकलेला विद्यार्थी आणि चंडीगडला शिकलेला विद्यार्थी यांच्या हातात वेगवेगळी हत्यारे असतात. पदवीचे नाव पाहून अर्ज करण्यापेक्षा दोन वर्षांचे पेपर कोणते आहेत ते वाचावे, हे या क्षेत्रात इतर कुठल्याही क्षेत्रापेक्षा जास्त लागू पडते.

दुसरी अडचण दर्जाची. एमबीबीएसला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे, नर्सिंगला परिषद आहे, तशी एमपीएचवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र परिषद नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमपीएचसाठी आदर्श अभ्यासक्रम तयार केला, पण विद्यापीठे आपापल्या परीने शिकवतात. परिणामी काही ठिकाणी एपिडेमिऑलॉजी आणि संख्याशास्त्र एकेका सत्रात उरकले जाते आणि बाकी वेळ रुग्णालय व्यवस्थापनात जातो. रुग्णालय व्यवस्थापन शिकायचेच असेल तर त्यासाठी एमएचए किंवा आरोग्यसेवेतले एमबीए हे वेगळे अभ्यासक्रम आहेत, त्यासाठी एमपीएचचे शुल्क भरायला नको.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच, पण रोखठोक आहेत. संस्थेचे स्वतःचे क्षेत्र आहे का, म्हणजे अशी गावे किंवा वस्त्या आहेत का जिथे विद्यार्थी नियमित जातात? प्रबंधासाठी विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतो की तयार आकड्यांवर तक्ते काढतो? पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे आहेत? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या उत्तरावर समाधान मानू नये, पदांची नावे मागावीत. त्यांतली निम्मी रुग्णालयांच्या बिलिंग आणि विमा-दाव्यांच्या कामातली निघाली, तर त्या पदवीचे स्वरूप कळते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. एमपीएच केल्याने रुग्णांवर उपचार करण्याचा कोणताही नवा परवाना मिळत नाही. मूळ पदवीने जेवढे अधिकार दिले तेवढेच राहतात.

आकड्यांची आवड असेल तर

गणिताची किंवा संख्याशास्त्राची पदवी असलेल्यांना हे क्षेत्र आपले वाटत नाही, आणि हे नुकसान दोन्हीकडचे आहे. कारण चांगल्या संख्याशास्त्रज्ञाशिवाय कोणताही मोठा अभ्यास उभा राहत नाही. मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली लोकसंख्याशास्त्राच्या प्रशिक्षण केंद्राच्या रूपात सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा हीच संस्था वाहते. तिथे लोकसंख्या अभ्यास, तसेच जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्र यांतले पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे एमएस्सी बायोस्टॅटिस्टिक्सही नावाजलेले. नमुना किती मोठा घ्यायचा, कोणता फरक खरा आणि कोणता योगायोगाचा, हे ठरवणारे लोक इथे घडतात. औषध कंपन्या आणि चाचण्या चालवणाऱ्या संस्थांत त्यांना मागणी असते, आणि पगारही बहुधा साध्या एमपीएचपेक्षा बरा असतो.

नोकरीत असलेल्यांसाठी

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दोन वर्षे वर्गात बसणे शक्य नसते, आणि त्याची तशी गरजही नसते. त्याला प्रत्यक्ष साथ हाताळायला शिकायचे असते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ साली सुरू झालेले क्षेत्रीय प्रशिक्षण यासाठीच आहे. थोडा वेळ चेन्नईत वर्ग, बाकीचा बराचसा वेळ आपापल्या जिल्ह्यात काम, आणि त्या कामाच्या अहवालांवर पदवी. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ साली डॉक्टरांसाठी ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ हा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या अधिकाऱ्यांना साथ आली की बॅग भरून निघावे लागते.

इथे शिकवल्या जाणाऱ्या पायऱ्या लग्नाच्या उदाहरणातल्याच, फक्त शिस्तीत. आधी ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या करायची, मग प्रत्येकाची एका ओळीत नोंद, मग कोणत्या दिवशी किती याचा आलेख, मग नकाशावर ठिपके. आलेखाच्या आकारावरून पुष्कळ कळते. एकदम चढून एकदम उतरला तर सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून बाधा झाली. लाटांवर लाटा आल्या तर रोग माणसाकडून माणसाकडे जातो आहे.

पदवी नको, पण रीत शिकायची आहे, असेही अनेक जण असतात. राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे आरोग्य-संशोधनावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएलच्या व्यासपीठावर आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते. एमपीएचवर दोन वर्षे आणि काही लाख रुपये घालवण्याआधी असा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून पाहावा. आकड्यांचा कंटाळा आला, तर तो इथेच आलेला बरा.

परदेशात शिकायचे असेल तर

जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा १९१६ सालची, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन १८९९ची. ब्रिटनमधले एमएस्सी साधारण एका वर्षाचे असते आणि सुरुवातीपासून एका विषयावर केंद्रित : एपिडेमिऑलॉजी, वैद्यकीय संख्याशास्त्र किंवा संसर्गजन्य रोगनियंत्रण. अमेरिकेतले एमपीएच बहुधा दोन वर्षांचे, डॉक्टरांसाठी काही ठिकाणी एका वर्षाचे, आणि आवाका जास्त रुंद. तिथे पुढे संशोधनात जायचे असेल तर एमपीएचपेक्षा एमएस किंवा एससीएम हे अधिक गणिती अभ्यासक्रम पाहावेत. अमेरिकेत या शाळांना मान्यता देणारी सीईपीएच नावाची परिषद आहे, ती मान्यता तपासणे सोपे आहे. युरोपात अनेक विद्यापीठे मिळून चालवत असलेला ‘युरोपबहेल्थ’ हा अभ्यासक्रम इरास्मुस मुंडुस योजनेतून सुरू झाला.

खर्च हा इथला मोठा अडसर. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च उचलते, पण तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. फुलब्राइट-नेहरू योजनेच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी आणि कौटुंबिक उत्पन्नाशी बांधलेली आहे. कर्ज काढून एमपीएच करायला जाणाऱ्याने एक हिशोब आधी मांडावा : भारतात परतून स्वयंसेवी क्षेत्रात काम केले तर तिथल्या पगारात ते कर्ज फिटते का? बहुतेकदा उत्तर नकारार्थी येते.

नोकरी : कुठे, किती काळ

या क्षेत्रातली सर्वांत अवघड बाजू हीच आहे. कामाची कमतरता नाही, कायम पदांची आहे.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. त्यात आरोग्यसेवक लक्षणांवरून, डॉक्टर संशयित निदानावरून आणि प्रयोगशाळा खात्रीशीर निदानावरून अशा तीन प्रकारे माहिती देतात. जुन्या भाषेत ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’ नमुने. आता ही नोंद आयएचआयपी या ऑनलाइन प्रणालीत होते. ती माहिती वाचून कुठे साथ डोके वर काढते आहे हे सांगण्यासाठी जिल्हा पातळीवर एपिडेमिऑलॉजिस्टचे पद आहे. मात्र ते राष्ट्रीय आरोग्य अभियानातले, कंत्राटी. महाराष्ट्रात अभियानातले कर्मचारी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी अनेकदा संपावर गेले आहेत. त्यांत याच पदव्या घेतलेले लोकही असतात.

तामिळनाडूची गोष्ट वेगळी आहे. तिथे सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय पूर्वापार आहे, १९३९ सालचा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि आरोग्य अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग आहे. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच वैद्यकीय अधिकारी सकाळी ओपीडी बघतो, दुपारी लसीकरणाच्या बैठकीला जातो आणि ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल पावडर टाकली की नाही याचाही पाठपुरावा करतो. साथ आली की तोच तपास अधिकारी. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत सार्वजनिक आरोग्य संवर्ग उभारण्याची शिफारस केली आणि २०२२ साली केंद्राने त्याचा आराखडाही दिला. पण आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी प्रत्येक राज्याच्या इच्छेवर आहे. हा संवर्ग प्रत्यक्षात आला तर एमपीएच आणि एमडी या दोन्ही पदव्यांची किंमत बदलेल. तोपर्यंत ‘एमपीएच केले की सरकारी नोकरी’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

सरकारबाहेर संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, जागतिक आरोग्य संघटनेचे देशातले कार्यक्रम, विमा कंपन्या आणि औषध-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ सर्वेक्षणातली क्षेत्रीय पदे एमबीबीएस डॉक्टरांना मिळत आली आहेत, तिथे बीडीएस-एमपीएच उमेदवाराला मूळ पदवी आड येते. स्वयंसेवी क्षेत्रात असा अडसर कमी, पण प्रकल्प संपला की पदही संपते. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा त्या पैशावर चालणारी क्षयरोग, एचआयव्ही आणि माता-बाल आरोग्यातली कामे जगभर अडचणीत आली. मुलाखतीला जाणाऱ्याने पगाराइतक्याच सहजतेने ‘या पदाचा पैसा कोठून येतो आणि केव्हापर्यंत आहे’ हेही विचारावे.

या अनिश्चिततेत ज्यांचे बरे चालते त्यांच्यात एक समान गोष्ट दिसते. त्यांच्याकडे पदवीशिवाय एक ठोस कौशल्य असते. कोणाला आर किंवा स्टाटामध्ये विश्लेषण येते, कोणाला नकाशे करता येतात, कोणाला गावात बसून मुलाखती घेऊन त्यांचा अर्थ लावता येतो, कोणाला नेटका अहवाल लिहिता येतो. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला मराठी, आणि नंदुरबार किंवा मेळघाटात काम करायचे असेल तर भिलोरी, पावरी किंवा कोरकू थोडीफार येणे, ही जाहिरातीत न लिहिलेली पण कामावर रोज लागणारी पात्रता आहे.

अर्जांचे वेळापत्रक

सीयूईटी-पीजीचे अर्ज बहुधा हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. त्यामुळे शेवटच्या वर्षात असलेल्यांनी दिवाळीपासून लक्ष ठेवावे. आंतरवासिता चालू असलेल्या डॉक्टरांना ती पूर्ण होण्याची तारीख संस्थेच्या अटीत बसते का ते पाहावे लागते, बरेच अर्ज इथेच बाद होतात. परदेशातल्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यातच तयारी सुरू करावी लागते. चेवनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होऊन ऑक्टोबरमध्ये बंद होतात. शिफारसपत्रे लागतात, आणि ती देणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम पाहिलेले असेल तरच त्यांना वजन येते. त्यासाठी अर्जाच्या आधी एखाद्या सर्वेक्षणात, आरोग्य केंद्रात किंवा क्षेत्रीय प्रकल्पात सहा महिने काम केलेले असले तर पत्र लिहिणाऱ्यालाही लिहायला काही सापडते.